बाजू ब तुझी आहे

ता. ४ मार्च, बुधवार

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. त्यातलं खरं किती ते पुढे येईल. तुझं निमंत्रण पोचलं. जाड पुठ्ठा, आणि पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. तुझ्या वहिनीने ते खिडकीपाशी तिरकं धरलं, तेव्हा कुठे कळलं की आपल्याला बोलावलंय. निमंत्रण वाचता यावं म्हणून छापतात, असा माझा एक जुनाट समज होता. तो तू दूर केलास. आभारी आहे.

आतल्या घडीवर फोटो पाहिला. अप्पांची खुर्ची! आपल्या बापाने जन्मभर ज्या खुर्चीत लोकांच्या दाढा उपटल्या, ती खुर्ची आता तुझ्या कलादालनात पांढऱ्या चौथऱ्यावर चढली आहे. वरून दिवा सोडलाय. खाली पाटी : ‘अनुपस्थिती – ३’. म्हणजे १ आणि २ही कुठेतरी असणार. ती काय आहेत? चूळ भरायचं भांडं आणि कंपाउंडर?

असो. खुर्ची वाटणीत तुझ्याकडे आली, तिचं तू लोणचं घाल, माझी हरकत नाही. माझी हरकत खालच्या बारीक अक्षरांना आहे. ‘ध्वनी : बरोक’. बाई, बरोक माझं आहे.

विसरली असशील तर आठवण करून देतो. बाकीची भावंडं जमिनी वाटतात, दागिने वाटतात. आपण शतकं वाटली. अप्पा गेल्यावर दवाखान्यातल्या रेकॉर्डी आणि चित्रांची पुस्तकं जमिनीवर पसरून बसलो होतो. युरोपी संगीतातलं तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक आणि त्यामागून आलेलं क्लासिकल मला, रोमँटिकपासून पुढचं सगळं तुला. चित्रांत प्रभाववादाच्या आधीचं मला, आणि प्रभाववादापासून जेवढे म्हणून वाद आहेत ते सगळे तुला. वाद तुझ्याच वाट्याला जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तो बहिरा जर्मन शिवेवरच्या बांधासारखा मधे आडवा पडला. त्याचं तारुण्य क्लासिकल, म्हातारपण रोमँटिक. उंबऱ्यावरचा दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही, त्याला आमच्या शास्त्रात देहलीदीपन्याय म्हणतात, म्हणून तो दोघांचा, असं मी म्हणालो. तू म्हणालीस, तो सगळा माझा. आणि मग म्हणालीस, “तुला तसंही एकाच कानाने ऐकू येतं. अर्धा संग्रह पुरे तुला.” गालगुंडांनी लहानपणीच नेलेल्या माझ्या उजव्या कानाला इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. त्यावर मी तुझ्या चित्रांबद्दल एवढंच म्हणालो, की चौकट आहे म्हणून निदान भिंत कुठे संपते ते कळतं.

तेव्हापासून आपला अबोला. पत्रं चालतात, कारण अबोल्याच्या शास्त्रात पत्राचा निषेध सापडत नाही. मी शोधला.

तर मुद्दा असा, की तू माझ्या हद्दीत शिरली आहेस. मी तुझ्या हद्दीत कधी शिरलो? उलट तिच्याकडे पाहून नाक मुरडण्यापलीकडे तिचा काहीही उपभोग घेतलेला नाही. मला तुझ्या त्या मालमत्तेचा लोभ कधीच नव्हता. प्रभाववाद म्हणजे चष्मा घरी विसरून नदीकाठी गेलेला माणूस. घनवाद म्हणजे सामान हलवताना हमालाने पाय दिलेलं खोकं. आठवतं ना, अप्पांनी वेटिंग रूममध्ये ते घनवादी बाईचं चित्र लावलं होतं, दोन्ही डोळे एकाच गालावर असलेलं? एका पेशंटने विचारलं होतं, “डॉक्टर, ही बाई तुमच्याकडे यायच्या आधीची, की नंतरची?” त्या चळवळीवर याहून नेमकी समीक्षा मी अद्याप वाचलेली नाही, तुझ्या समीक्षक नवऱ्याचे तिन्ही ग्रंथ धरून.

अतिवास्तववाद म्हणजे रात्री जास्त जेवून झोपलेल्या माणसाने सकाळी सांगितलेलं स्वप्न. घरातलं कोणी सांगू लागलं तर आपण चहाचं निमित्त करून उठतो तरी. इथे तिकीट काढून ऐकायचं. आणि मिनिमलिझम! भिंतीवर एक रेघ, आणि त्या रेघेखाली तीन परिच्छेद. काटकसर करायचीच होती तर परिच्छेदांत करायची.

तुझ्या संगीताचंही तेच. रोमँटिक म्हणजे एका गृहस्थाचा प्रेमभंग, आणि त्यावर रडायला पगारी बसवलेली शंभर माणसं. त्यानंतर आलेल्यांनी बाराही सुरांना समान हक्क दिले. बाकीच्या अकरांची पाळी झाल्याशिवाय पहिल्याने पुन्हा यायचं नाही. नळावरच्या रांगेला एवढी शिस्त असती तर बरं झालं असतं, पण नळावरच्या रांगेला कोणी संगीत म्हणत नाही. माझं बरोक बघ. एक आवाज काही बोलतो, दुसरा तेच जरा वरच्या पट्टीत बोलतो, तिसरा खालच्या. एकत्र कुटुंबासारखं. कोणी नवीन काही सांगत नाही आणि तरी घर भरलेलं वाटतं.

तर दंड. तुझ्या अतिक्रमणाचा दंड म्हणून मी एक गोष्ट मागतो. ती दोघांच्या सामाईकीतली रेकॉर्ड तुला आठवत असेल. कंपनीने नमुना म्हणून काढलेली. बाजू अ वर बरोक चर्चसंगीत, बाजू ब वर प्रभाववादाच्या काळातला पियानो. एकाच तबकडीची दोन शतकं. कोंबडी अर्धी कापून खावी आणि अर्धी अंड्यांसाठी ठेवावी, असा अर्धकुक्कुटी न्याय तिला लावता येईना. तेव्हा ठरलं, की ती माझ्याकडे राहील, पण बाजू ब मी कधीही वाजवायची नाही. मी वाजवलेली नाही. अप्पा भुलीचं इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर होईपर्यंत ती बाजू लावायचे, पण तेव्हा आपण बाहेर बसायचो आणि दाराआडून पेशंटच्या कण्हण्याखेरीज काही कळत नसे. वहिनी म्हणते, “लावा की! कोण बघतंय?” मी म्हटलं, धर्म बघतोय. ती म्हणाली, “त्याला धर्म नाही म्हणत, हट्ट म्हणतात.” ही माझी सहधर्मचारिणी.

तेव्हा तू यायचं आणि स्वतःच्या हाताने सुई ठेवायची. बाजू तुझी आहे, मी तिला हात लावणार नाही. वीस तारखेच्या आत ये.

वीसच का, तर एक किरकोळ काम आहे. माझ्या डाव्या, म्हणजे एकुलत्या एक चालत्या कानाच्या आत गाठ निघाली आहे. ऐकण्याच्या नसेवरच ठाण मांडून बसलीय. डॉक्टरीणबाई वयाने लहान, हुशार, आणि वाईट बातमी सांगताना पेनाच्या टोपणाशी खेळणाऱ्या. म्हणाल्या, गाठ काढायची तर नस वाचणार नाही, आणि नाही काढली तर गाठ मेंदूकडे सरकेल. मी म्हटलं, सरकू द्या, संस्कृतच्या मास्तराच्या मेंदूत तिला काय मिळणार? त्या हसल्या नाहीत. शस्त्रक्रिया वीस तारखेला. त्यानंतर दोन्हीकडची दारं बंद. फायदा असा की तुझं आधुनिक संगीत मला यापुढे कोणीही सक्तीने ऐकवू शकणार नाही.

कळावे. तुझ्या समीक्षकाला नमस्कार. लहान वाक्यात सांग, त्याला सवय नाही.

तुझा,
पूर्वार्धाचा कायदेशीर मालक



ता. ११ मार्च, बुधवार

चि. टिटवीस,

आशीर्वाद, पण या वेळी हात आखडता घेऊन.

तुझं उत्तर मिळालं. एकूण चार वाक्यं. मिनिमलिझम अखेर तुझ्या अंगी भिनला. पहिल्या वाक्यात तू म्हणतेस, खुर्ची तुझी आणि खुर्चीत बसून पेशंटांनी जे ऐकलं ते खुर्चीचाच भाग. हा युक्तिवाद तुझ्या नवऱ्याचा आहे, त्याला त्याचा वास आहे. दुसऱ्यात म्हणतेस, बाजू ब साठी येणार नाही, हवी तर वाजव. म्हणजे ठरावाला तू स्वतःच हरताळ फासतेस. तिसऱ्यात म्हणतेस, दोन-चार दिवसांत प्रदर्शन उघडणार, मान वर करायला फुरसत नाही.

आणि चौथं वाक्य. “तुझा कान लहानपणापासून सोयीने बंद होतो, आता सोयीने दुसराही जाणार म्हणतोस, वा!”

हे वाक्य वहिनीने वाचलं आणि कागद माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. मी मात्र मनात म्हटलं, बरोबर आहे. आईने हाक मारली की मी उजवा कान पुढे करायचो, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? माझा एकही विनोद तू खरा मानला नाहीस, आणि आता माझं एक खरं तू विनोद मानलंस. हिशेब चुकता. तुला दोष देणार नाही, पण तिरस्कार करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवतो.

परवा पुन्हा तपासणीला गेलो होतो. एक खोली असते, फोन करायच्या जुन्या खोक्याएवढी. आतून भिंतींना भोकाभोकांचा स्पंज. काचेपलीकडे बाई बसते. आपल्या हातात एक बटण देतात. कानात सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. सुरुवातीला सूर ठळक असतात, मग बारीक होत जातात. शेवटी शेवटी असं होतं, की सूर आहे की आपल्याला हवाय म्हणून वाटतोय, ते कळत नाही. मी दाबतच राहिलो. काचेपलीकडची बाई म्हणाली, “काका, मी आत्ता काही सोडलंच नव्हतं.” मी म्हटलं, हे तुमचं आधुनिक संगीत असणार. ती बिचारी तुझ्या पंथातली नव्हती, तिला काही कळलं नाही.

दर भेटणारा मला त्याच बहिऱ्या जर्मनाचं नाव घेऊन धीर देतो. शाळेतल्या मुख्याध्यापकांनी दिला, वाण्याने दिला, खालच्या मजल्यावरच्या वकिलाने दिला. “तो नाही का, कान गेल्यावरही केवढं काम करून गेला!” अहो, त्याच्या डोक्यात सिम्फनी वाजत होती. माझ्या डोक्यात नववीच्या उत्तरपत्रिका वाजतात. कान गेल्यावर प्रतिभा उगवते असा नियम असता तर आपल्या घरमालकाच्या आईने आतापर्यंत चार ऑपेरे लिहिले असते.

हल्ली मी जरा विचित्र वागतो, असं वहिनीचं म्हणणं. मी आवाज बघत हिंडतो. म्हणजे ऐकत हिंडतो. किटलीचं झाकण उडायला लागण्याआधी ती जी कुरकुरते ते. आपल्या जिन्याची चौथी पायरी. वर्गात मुलं रूपं म्हणतात ते, सगळ्यांची एक पट्टी आणि मागच्या बाकाची वेगळी. वहिनीला मी काल सांगितलं, भांड. ती म्हणाली, “कशावरून?” मी म्हटलं, कशावरूनही. ती म्हणाली, “असं सांगून भांडण होतं का?” आणि मग याच मुद्द्यावर चांगली अर्धा तास भांडली. फार छान झालं. तिचा भांडणातला आवाज मला तोंडपाठ आहे आता.

अप्पांचा आवाज आठवायला गेलो. आठवत नाही, टिटवे. त्यांची वाक्यं सगळी आठवतात. “आ करा. मोठा. अजून.” शब्द येतात, पण आवाज येत नाही. नाटकाच्या छापील पुस्तकासारखं. एखादा माणूस बरीच वर्षं ऐकू आला नाही की त्याचं असंच होत असणार. आवाज आधी जातो. मग ओठ हलताना दिसतात, आणि वाक्यं आपण आपल्याच आवाजात वाचतो.

तुझी पत्रंही मी बरेच दिवस माझ्याच आवाजात वाचतोय. हे एवढ्यात लक्षात आलं. चौथं वाक्य तर मी इतक्या सौम्य सुरात वाचलं, की तुझ्यावर अन्यायच झाला. तू ते तसं म्हटलं नसणार. तू ते कसं म्हटलं असतंस ते मला नीट जुळवता येईना. शेवटी नाद सोडला.

असो. मी कशावर होतो? बाजू ब वर. वहिनी तुला फोन करते म्हणाली. मी फोनवर हात ठेवला. म्हटलं, अबोला आमचा आहे, मधे पडू नकोस. आणि फोनवरून रेकॉर्ड लावता येत नाही. ती म्हणाली, “तुम्हाला रेकॉर्डच ऐकायचीय ना नक्की?” या बाईला कुठे थांबावं कळत नाही.

हे बघ. माझ्यावर विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. मी तपासणीचे कागद पाठवणार नाही, कारण पुरावे पाठवून बोलावलेली माणसं साक्षीदारासारखी येतात. तू ये आणि मी खोटारडा आहे असं सिद्ध कर. तोंडावर सिद्ध कर. मोठ्याने. तुझ्या प्रदर्शनाला काय, खुर्ची कुठे उठून जाणार आहे? नाव दिलंयस अनुपस्थिती, एक दिवस मालकीणही अनुपस्थित राहिली तर कलाकृती पूर्ण होईल.

एकच अट. येऊन गप्प बसून राहणार असशील तर येऊ नकोस.

तुझा,
दादा (हे जुनं पद, रद्द झालं असेल तर खोडणे)



ता. ६ एप्रिल, सोमवार

चि. टिटवीस,

आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली आणि ठरल्याप्रमाणेच ‘यशस्वी’ झाली. गाठ गेली, सोबत बाकीचंही घेऊन गेली. चालताना जरा झोकांड्या जातात. वाण्याची समजूत झालीय की मी सुधारलो आणि प्यायला लागलो. शांतता म्हणतात तशी मात्र नाही. आत एक सूर वाजतोय. एकच, अखंड, ना वर जात ना खाली. डॉक्टरीणबाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, की मेंदूला सवय असते, काही आलं नाही की तो स्वतःच काहीतरी बनवतो. तुझ्या मिनिमलिस्ट मंडळींचा कार्यक्रम मला घरबसल्या फुकट मिळाला. त्यांना कळव, की मध्यंतर ठेवत जा.

आता तू विचारलेल्या गोष्टीकडे येतो. तू लिहितेस, “त्या दिवशी तू नुसतं ‘भिकार’ म्हणून मोकळा झालास. बाजू ब बद्दल तुझं खरं मत काय?” शिवाय तू वहिनीला लिहिलंयस, की मी डोळे मिटून तल्लीन झालो होतो. ही अफवा आहे आणि ती पसरण्याआधी मला त्या दिवसाची वस्तुस्थिती नोंदवायची आहे.

तू अठरा तारखेला आलीस. दार वहिनीने उघडलं. तू माझ्याकडे न बघता आत आलीस, पिशवी खुर्चीवर ठेवलीस आणि म्हणालीस,

“वहिनी, तुझ्या नवऱ्याला विचार, रेकॉर्ड कुठे आहे.”

मी म्हणालो, “हिला सांग, होती तिथेच आहे.”

“वहिनी, याला सांग, धूळ किती बसलीय ते बघ म्हणावं. पूर्वार्धाचे मालक म्हणे!”

“हिला सांग, ती धूळ बरोक आहे. तिला हात लावायचा नाही.”

वहिनी दोघांच्या मधे टेनिसच्या पंचासारखी मान फिरवत उभी होती. मग ती म्हणाली, “मी चहा टाकायला जाते. तुमचे निरोप तुम्हीच पोचवा.” आणि गेली, आणि दार ओढून घेतलं. त्या दाराला कडी लागते तो आवाजही मी तेव्हा घेऊन ठेवला.

तू रेकॉर्ड पाकिटातून काढलीस. कडांना धरून, अप्पा धरायचे तशी, कवळीच्या साच्यासारखी. प्लेअर बघितलास, सुई बघितलीस, नाक मुरडलंस. बाजू ब वर केलीस. सुई टेकवलीस. एवढं सगळं तू मुकाट्याने केलंस, आणि मला वाटलं, ही अट मोडणार. ही सुई ठेवून खुर्चीत बसेल, बाजू संपली की उठेल आणि जाईल. ठरावाप्रमाणे सगळं बिनचूक होईल.

पियानोचे दोन-चार सूर पडले असतील. आणि तू म्हणालीस,

“हे बघ, हे असं असतं. याला मेलोडी-बिलोडी नसते. पाणी असतं नुसतं.”

त्यानंतर तू थांबली नाहीस.

तुझा आवाज, हे मी तोंडावर सांगितलं नाही म्हणून इथे लिहितो, पत्र्यावर चमचा ओढावा तसा आहे. अप्पांनी तुला टिटवी म्हटलं ते उगाच नव्हे. वयाने माणसांचे आवाज मऊ होतात, तुझ्या आवाजाला ते जमलेलं नाही. शब्दाच्या शेवटी तो वर जातो, जणू प्रत्येक वाक्यावर तुला कोणाची तरी हरकत अपेक्षित आहे. ‘ना’ म्हणताना तू नाकात म्हणतेस. हे मी साफ विसरून गेलो होतो.

तू पाण्याबद्दल बोललीस. मग म्हणालीस, त्या काळातले चित्रकार तेच करत होते, वस्तू नाही, वस्तूवरचा उजेड. मग म्हणालीस, खुर्चीवर दिवा सोडलाय तो त्यासाठीच, तुला काय कळणार म्हणा. मग म्हणालीस, पहिल्या दिवशी एक म्हातारी आली आणि चौथऱ्यावर चढून खुर्चीत बसली. रखवालदार धावला. तर ती त्याला म्हणाली, “माझा नंबर आहे.” हे सांगताना तू इतकी हसलीस की तुला खोकला आला. मग तुझे गुडघे, मग कलादालनाचा जिना, मग नवऱ्याचं घोरणं. (समीक्षेपेक्षा त्यात आशय जास्त, हे तुझंच वाक्य. मी उचललं नाही, याची नोंद घ्यावी.) मग मधेच म्हणालीस, “एकाच कानाचं ते मी नको होतं बोलायला,” आणि मी काही म्हणायच्या आत, “पण तू चौकटीचं बोललास ते आधी की नंतर?” आणि मग त्यावर वाद. मी म्हणालो नंतर. तू म्हणालीस आधी. मी म्हणालो, तुझी स्मरणशक्ती घनवादी आहे, सगळ्या बाजू एकाच वेळी दिसतात आणि चेहरा कुठेच नसतो. तू म्हणालीस, “मर मेल्या!” आणि मग तुला वाटलं की हे आज म्हणायला नको होतं. तुझा चेहरा पडला. मी म्हणालो, “चालू ठेव.”

याच सुमाराला तू म्हणालीस, “अरे, असा तिरका काय बसलायस? स्पीकर इकडे आहे. कान इकडे कर ना.”

मी म्हणालो, “ऐकतोय मी.”

तर वस्तुस्थिती ही. मला एकच कान होता आणि तो एका वेळी एकीकडेच करता येत होता. स्पीकर होता उजवीकडे, जिथे गालगुंडांनंतर काहीही पोचलेलं नाही. डावीकडे तू होतीस. बाजू संपली, सुई आत जाऊन खरखरत फिरत राहिली, ते सुद्धा तुला कळलं नाही, इतकी तू बोलत होतीस. वहिनी चहा घेऊन आली आणि तिने सुई उचलली. तेव्हा तू विचारलंस, “कसं वाटलं?” मी म्हणालो, “भिकार.” एवढं तर मी न ऐकताही सांगू शकत होतो.

म्हणून प्रामाणिक मत विचारशील, तर बाजू ब कशी आहे याची मला कल्पना नाही. तिच्याबद्दलचा माझा तिरस्कार अबाधित आहे. त्याला कोणताही आधार नाही. तुझ्या साऱ्या आधुनिक कलेलाही कुठे असतो?

आता थोडं व्यवहाराचं. माझ्या वाट्याची शतकं खोक्यात भरून पाठवतोय. त्या बहिऱ्या जर्मनासकट, कारण आता तो कोणाचा यावर वाद घालायला मला तोंड उरलं तरी कान उरला नाही. बरोक तुझ्या पांढऱ्या भिंतींना मानवणार नाही, पण वाजव. खुर्चीखाली नको. घरी वाजव, बसून, बाकी काही न करता. तुला ते जमणार नाही, तू बोलशील. मग मला लिहून कळव, कोणता आवाज आधी आला, दुसरा कुठे येऊन मिळाला, आणि तू मधे काय काय बोललीस. सविस्तर लिही. तुझी पत्रं आता मी माझ्या आवाजात वाचत नाही. वहिनीलाही ते कळतं. पत्र वाचताना मी एकदम मान मागे घेतो, म्हणे, कोणीतरी कानात ओरडल्यासारखी.

आणि एक. आजचं पत्र तू एका ओळीत चार शब्द बसतील एवढ्या अक्षरांत लिहिलंयस. तसं करू नकोस. मी बहिरा झालोय, आंधळा नव्हे. बारीक लिही, पानं भरून लिही, समासातही लिही.

वाट बघतोय.

दादा